दात जुळवायचे कुणी?

जुनी गाडी बघायला मला कुणी बरोबर नेलं की बाकीचे आधी बॉनेट उघडतात. मी हल्ली आधी गियरच्या दांड्याला हात घालते. इंजिन थकलेलं असलं तर धुरावरून, आवाजावरून लगेच कळतं. गियरबॉक्सचं दुखणं तसं चटकन कळत नाही. शिवाय एका जुन्या गाडीवर बसलेला हात दुसऱ्या जुन्या गाडीवर चालेलच असंही नाही. जीप, फियाट आणि ट्रक, तिन्हींना क्लच आहे, दांडा आहे, न्यूट्रल आहे. पण फिरत्या गियरचे दात एकमेकांत बसवायचं काम कुणाचं, हे तिन्हींत वेगळं आहे. कुठे ते बॉक्स करतो, कुठे चालवणाऱ्याने करायचं असतं, आणि बऱ्याच गाड्यांत अर्धं याचं, अर्धं त्याचं. हे मला एक बॉक्स उघडून आणि दुसरा चालवून कळलं.

सुरुवात जीपपासून झाली. माझी जीप साठच्या दशकातली महिंद्राची सीजे-३बी आहे, उंच बॉनेटची. पुढचे तीन गियर आणि एक रिव्हर्स. आधी ती एका साखर कारखान्याकडे होती, तिथून लिलावात एका बागायतदाराकडे गेली आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आली. इंजिन ठणठणीत, दुखणं सेकंड गियरचं. टॉपवरून, म्हणजे तिसऱ्यावरून, सेकंड टाकला की खर्रकन आवाज यायचा. सासवडकडून येताना बोपदेव घाटात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की सेकंड आपोआप निसटायचा आणि दांडा न्यूट्रलला यायचा. मग एका हाताने दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने घाटाची वळणं घ्यायची. तीव्र उतारावर गाडी न्यूट्रलला आली की सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि हे ब्रेक ड्रमचे. अशी गाडी कोंढव्याच्या गर्दीत आणणं मला पटत नव्हतं.

ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच सल्ला दिला: जुना बॉक्स काढून टाक, नव्या गाडीचा पाच गियरचा बसव. पुण्यात कितीतरी जीपना असे बॉक्स बसवलेले आहेत आणि ते चालतातही. पण मग त्या जीपमध्ये जुनं राहिलं काय? पत्रा आणि नंबरप्लेट. मला तो मूळचा तीन गियरचा टी-९० बॉक्सच दुरुस्त करून हवा होता.

घोरपडे पेठेत एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीप आणि ॲम्बॅसॅडर उघडत आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी दांडा दोन-तीनदा हलवला, जीपवर गल्लीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "ताई, बॉक्स खोलायला लागेल. पण मी एकटा नाही खोलणार. तुम्ही समोर बसा, म्हणजे उद्या मला विचारायला नको काय बदललं." मला तेच हवं होतं.

जीपचा गियरबॉक्स एकटा निघत नाही. त्याच्या मागे ट्रान्सफर केस चिकटलेली असते, पुढच्या चाकांना ताकद द्यायची की नाही आणि हाय (नेहमीची चाल) चालवायचं की लो (वेग कमी, जोर जास्त), हे ठरवणारी. म्हणून दांडेही तीन: एक गियरचा आणि दोन छोटे. आधी तळपत्रा काढला, चाकांकडे ताकद नेणारे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट सोडले, इंजिनाला जॅकचा आधार दिला आणि दोन्ही बॉक्स एकत्रच खाली उतरवले. ट्रान्सफर केसच्या मागच्या गोल झाकणाआड एक मोठा नट असतो, तो सुटल्याशिवाय दोन बॉक्स वेगळे होत नाहीत. त्या नटाने आमची सकाळ खाल्ली.

बॉक्स उघडला तेव्हा आधी वास आला, जळकट गंधकाचा. कुणीतरी मागे त्यात जीएल-५ दर्जाचं गियर तेल ओतलेलं होतं. हे तेल डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांमधल्या आसावरच्या गियरसाठी, उत्तम. त्यातली गंधकयुक्त रसायनं लोखंडाच्या दातांना जपतात, पण पितळेला ती मानवत नाहीत. जुन्या बॉक्समध्ये नेमक्या पितळी रिंगा असतात. दुकानात "९० नंबर द्या" म्हटलं की कुठलाही डबा हातात पडतो. डब्यावर जीएल-४ लिहिलेलं आहे का, हे आपणच वाचायचं.

त्या पितळी रिंगेत सगळी मेख आहे. गियरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा एक शाफ्ट असतो, तो खालच्या ले शाफ्टला फिरवतो आणि ले शाफ्ट वरच्या मेन शाफ्टवरच्या गियरना. अगदी जुन्या गाड्यांत अख्खा गियर मेन शाफ्टवर सरकवून ले शाफ्टच्या गियरमध्ये घुसवत. दोघांचा वेग जुळलेला नसेल तर दात दातावर आपटणार, हे ठरलेलं. त्यामुळे वेग जुळवणं ही चालवणाऱ्याची कला होती. १९२८ मध्ये कॅडिलॅकने १९२९च्या मॉडेलसाठी सिंक्रोमेश आणलं, अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचं काम. त्यात गियर कायम गुंतलेले ठेवले आणि बाजूला शंकूच्या आकाराची जागा दिली. दांडा ढकलला की आधी रिंग त्या शंकूवर घासते, दोघांचे फेरे सारखे करते आणि मगच कुत्री आत जातात. कुत्री म्हणजे गियरच्या बाजूचे छोटे दात, इंग्रजीतल्या डॉगवरून मिस्त्री लोक त्यांना तसंच म्हणतात.

चाचांनी माझ्या बॉक्समधली जुनी रिंग पुसून हातात दिली. तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, स्क्रूवर असतात तसे, फक्त फार नाजूक. त्या आट्यांच्या धारेचं काम शंकूवरचं तेल कापून बाजूला सारायचं. तेलाचा थर राहिला तर रिंग नुसती घसरत राहते. मी आतून नख फिरवलं तर कुठेच अडलं नाही, आटे झिजून सपाट झालेले. चाचांनी नाना पेठेतून आणलेली नवी रिंग दिली. तिच्यात नख टरटर अडकलं. मग दोन्ही रिंगा आळीपाळीने शंकूवर दाबून फिरवून बघितल्या. नवी चटकन पकडते, जुनी गोल फिरते. टॉपवरून सेकंड टाकताना का खरखरायचं, त्याचं उत्तर हातातच होतं.

निसटण्याचं कारण मात्र वेगळं निघालं. सेकंडच्या कुत्र्यांच्या कडा झिजून तिरक्या झालेल्या होत्या, त्यामुळे भार उलटा झाला की त्या स्लीव्हला, म्हणजे कुत्र्यांवर सरकून गियर शाफ्टला जोडणाऱ्या कड्याला, बाहेर ढकलायच्या. ले शाफ्टच्या दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे पुढेमागे सरकणं रोखणाऱ्या चकत्या, पातळ झाले होते, म्हणून गियरांचा गठ्ठा पुढेमागे हलत होता. दांड्याखालच्या पट्ट्यांना जागेवर धरणारी गोळी आणि तिची स्प्रिंगही मेलेली. यातली फक्त स्प्रिंग बदलली असती तर महिनाभर बरं वाटलं असतं, मग पुन्हा तेच. चाचांनी तिन्ही बदलायला लावलं. खर्च वाढला, पण ते बरोबर होते.

बसवणं हे खरं कसबाचं काम. ले शाफ्टचा गठ्ठा सुट्या सुयांवर फिरतो. सुया म्हणजे शिवणाच्या सुईपेक्षा जाड, बोटाच्या पेरापेक्षा लहान पोलादी रोलर. गठ्ठ्याच्या भोकात आतून ग्रीस फासायचं आणि एकेक सुई त्यात चिकटवत गोल पूर्ण करायचं. मधे खरा शाफ्ट घालता येत नाही, कारण तो बॉक्सच्या भिंतीतून शेवटी आत यायचा असतो. म्हणून गठ्ठ्याच्या लांबीएवढाच कापलेला एक खोटा शाफ्ट मधे घालतात. चाचांकडे तो भोसरीत लेथवर करून घेतलेला आहे, वापरून वापरून चकचकीत झालेला. गठ्ठा बॉक्सच्या तळाशी झोपवून ठेवायचा, वर मेन शाफ्ट जोडायचा, मग गठ्ठा दोरीने वर उचलून खरा शाफ्ट मागून ठोकत न्यायचा. तो पुढे सरकत जातो तसा खोटा शाफ्ट दुसरीकडून बाहेर पडतो. मधे एक सुई जरी आडवी पडली तरी सगळं परत खाली. सुया मी चिकटवल्या. चाचा नुसते बघत होते आणि अधूनमधून "ग्रीस कमी, ताई, ग्रीस कमी" म्हणत होते.

हे सगळं होऊनही एक गोष्ट तशीच राहिली, कारण ती बिघाड नव्हतीच. टी-९० मध्ये रिंगा सेकंडला आणि टॉपला आहेत. फर्स्टला नाहीत. फर्स्ट आणि रिव्हर्सचा एकच सरकता गियर आहे, सरळ दातांचा. दात तिरके असते तर तो सरकवणं अवघड, म्हणून सरळ. सरळ दात सगळी रुंदी एकदम टेकवतात, त्यामुळे फर्स्टला जीप जो उंच सूर धरते तो त्यांचाच. आजच्या बऱ्याच गाड्या रिव्हर्स घेताना तशाच का वाजतात, त्याचंही कारण हेच. फर्स्ट फक्त उभी गाडी उचलायला लागणार, असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं आणि तिथली रिंग वाचवली.

हा प्रकार फक्त जीपचा नाही. आमच्या घरच्या प्रीमिअर पद्मिनीतही, म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या फियाटमध्येही, फर्स्टला सिंक्रो नाही, सेकंड, थर्ड, फोर्थला आहे. जुन्या ॲम्बॅसॅडरचंही तसंच. नवे लोक या गाड्या सिग्नलला थांबतायत न थांबतायत तोच चालत्या गाडीत फर्स्ट टाकतात आणि बॉक्सला दोष देतात. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला. पुढे अखंड बाकासारखी सीट, त्यामुळे तिघं बसायची, म्हणून दांडा वर नेलेला. पण दांडा वर आणि बॉक्स खाली, मधे सळया आणि त्यांच्या सांध्यांतले बूश. बूश झिजले की दांडा कुठल्या गियरला आहे याचा पत्ता लागत नाही, आणि कधी दोन गियरच्या मधे अडकून बसतो. जुने ड्रायव्हर भर रस्त्यात बॉनेट उघडून त्या सळ्या हाताने हिसडून सोडवायचे ते यामुळे. आमच्या पद्मिनीचे बूश बदलले, सळयांची लांबी जुळवली, काम झालं. बॉक्सला हात लावावा लागला नाही. तो दांडा काढून जमिनीवरचा गियर बसवणारे भेटतात, त्यांना मी एवढंच सांगते की आधी बूश बदलून बघा. तो गियर नीट असतो तेव्हा दोन बोटांनी पडतो.

मग चाचा म्हणाले, "फर्स्ट चालत्या गाडीत टाकायचा असेल तर ट्रकवाल्याकडे जा. आम्ही खोलतो, टाकायला ते शिकवतात."

फुरसुंगीला नात्यातले एक मामा आहेत. त्यांनी उभी हयात ट्रकवर काढली, खंडाळ्याचा जुना घाट, खंबाटकी, सगळं. त्यांच्या भाच्याच्या मळ्यात पुढे लांब नाक असलेला एक जुना टाटा-मर्सिडीज अजून चालू स्थितीत उभा आहे. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला जे ट्रक काढायला घेतले, त्या घराण्यातला. करार १९६९ पर्यंत चालला, तोवर नाकावर मर्सिडीजची चांदणी असायची. मळ्यातल्या खासगी रस्त्यावर मामांनी मला त्याच्या सीटवर बसवलं.

त्या बॉक्समध्ये पितळी रिंग एकही नाही. गियर कायम गुंतलेले, पण स्लीव्ह थेट कुत्र्यांत घुसवायची, वेग जुळवून देणारं मधे कुणी नाही. मी आधी समजत होते की हे जुनाटपणामुळे. तसं नाही. ट्रकचे गियर जड, दोन गियरमधल्या वेगाच्या उड्या मोठ्या. एवढं वजन घासून थांबवायचं किंवा पळवायचं तर रिंग मोठी आणि दणकट लागते, आणि दिवसभर घाटात गियर बदलत राहिलं तर ती झिजणार. साधी जाड कुत्री वर्षानुवर्षं टिकतात, फक्त ड्रायव्हरला यायला हवं. कारवाल्यांनी सोय निवडली, ट्रकवाल्यांनी टिकाऊपणा. पुढे ट्रकमध्येही सिंक्रो आलं, पण बरंच उशिरा.

मामांचा पहिला धडा वरच्या गियरचा. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड. आता थांब. इंजिनाचे फेरे उतरू दे. मग पुन्हा क्लच, आणि पुढचा गियर. डिझेलचं जड फ्लायव्हील सावकाश उतरतं, त्यामुळे हे थांबणं कारच्या सवयीच्या हाताला फार लांब वाटतं. "घाई करू नको पोरी," मामा म्हणाले, "पायानं न्हाई, कानानं टाक." काही वेळाने लक्षात आलं की इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीला आला की दांडा ओढून घेतल्यासारखा आत जातो. त्याआधीही नाही, त्यानंतरही नाही.

खालचा गियर उलट. क्लच, न्यूट्रल, क्लच सोड, आता रेस दे, मग क्लच आणि गियर. न्यूट्रलला क्लच का सोडायचा, हे बॉक्स उघडून पाहिल्यामुळे मला लगेच पटलं: क्लच सुटलेला असेल तरच इंजिन ले शाफ्टला फिरवतं, दाबलेला असेल तर रेस वाया जाते. किती रेस, हे माझ्या जीपच्या आकड्यांत सांगते. गियरचा आकडा म्हणजे बॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे. टी-९० मध्ये टॉप १, सेकंड साधारण १.५५ आणि फर्स्ट २.८०. टॉपला इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला सेकंडमध्ये २,३२५ लागतात. सेकंडला १,५०० असतील तर फर्स्टला जवळजवळ २,७००. म्हणजे फर्स्टसाठी रेस चांगली दणकून द्यावी लागते. भीत भीत दिली की खर्र.

दुसरा धडा घाटाचा. त्या रस्त्यावर घाट नव्हता, तरी मामांनी तो सांगितलाच, आणि इतका वेळ हसतमुख असलेला माणूस तेव्हा गंभीर झाला. भरलेली गाडी उतरायला लागायच्या आधी गियर ठरवायचा. उतारावर मधेच खालचा टाकायला गेलं आणि बसला नाही, तर गाडी न्यूट्रलला पळत सुटते, वेग वाढत जातो आणि मग कुठलाच गियर बसत नाही. रिकामी गाडी सेकंडवर उचलावी, भरलेली फर्स्टवर, हे त्यांनी मध्येच सांगून टाकलं. ट्रकचा फर्स्ट म्हणजे कारचा फर्स्ट नव्हेच. शेव्हर्लेच्या जुन्या ट्रकमध्ये एसएम-४२० नावाचा चार गियरचा बॉक्स असे, त्याचा फर्स्ट ७.०५चा. माझ्या जीपचा २.८०. पण ट्रान्सफर केस लोला टाकली की २.४६ ने गुणायचं, येतात ६.८९. म्हणजे ते दोन छोटे दांडे जीपला कारचा आणि ट्रकचा, दोन्ही बॉक्स देतात. पुढे डिफरन्शियलचे ५.३८ धरले तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे ३७ फेरे. चिखलात ती मुंगीच्या पावलाने का होईना, चढते, ते यामुळे.

यानंतर जीप घेऊन पुन्हा बोपदेव घाटात गेले. चढताना वळणावर वेग पडला, सेकंडला दम लागायला लागला. क्लच, न्यूट्रल, सोड, रेस, क्लच, फर्स्ट. गेला. दाताला दात लागल्याचं कळलंही नाही, फक्त तो उंच सूर सुरू झाला. भिवरीकडून परत उतरताना सेकंड टाकला, पाय उचलला आणि दांड्यावरचा हात काढून घेतला. दांडा जागेवर राहिला. खालपर्यंत ब्रेकला फार कमी त्रास दिला.

आता जुनी गाडी बघायला गेले की उभ्या गाडीतच एक चाचणी घेते. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. सिंक्रो नसलेला गियर गपचूप गेला पाहिजे. खरखरला तर बहुतेक वेळा बॉक्स बरा असतो, दाबूनही क्लच इंजिनापासून पूर्ण वेगळा होत नसतो, आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. मग उतार शोधून सेकंडला पाय उचलून बघायचं. आणि मालकाला विचारायचं, आत तेल कुठलं आहे. याचं उत्तर सहसा येत नाही, म्हणून गाडी घेतल्यावर पहिलं काम तेल बदलायचं.

पद्मिनीचा फर्स्ट मात्र अजून जास्तच कण्हतो. सरळ दातांचा सूर माझ्या कानाला आता पाठ झाला आहे, हा त्यापेक्षा जाड आहे, ले शाफ्टच्या बेअरिंगचा असावा. चाचांनी तो उघडायला दिवाळीनंतरचा वार दिला आहे, आणि नाना पेठेतल्या दुकानदाराला मी बेअरिंगचा सेट बघून ठेवायला सांगितलाय.